खांदा उतरतो : शिवायचा की हाड बसवायचं?

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो. उजवा खांदा पाचदा उतरला. सीटी स्कॅनमध्ये वाटीचं हाड 14 टक्के गेलंय. एक डॉक्टर दुर्बिणीतून शिवू म्हणतात, दुसरे हाड बसवू म्हणतात. कुणाचं ऐकावं?
— एक पालक, सांगली

उत्तर : नुसत्या 14 टक्क्यांवर हे ठरत नाही. खांदा पुढे निखळतो तेव्हा वाटीची, म्हणजे गोळा ज्यात फिरतो त्या खोबणीची, पुढची कड तुटते किंवा झिजते आणि दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून खाच पडते, तिला हिल-सॅक्स म्हणतात. दोन्ही मिळून मोजावं लागतं. रिपोर्टात खाचेचं माप आहे का पाहा. 'हिल-सॅक्स दिसते' एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही.

थ्रीडी सीटीत गोळा चित्रातून वगळून वाटी समोरून पाहतात आणि तिच्या खालच्या भागावर वर्तुळ बसवतात. समजा व्यास 28 मिमी आणि पुढून 4 मिमी हाड गेलंय, हेच तुमचे 14 टक्के. व्यासाचे 83 टक्के 23.2, त्यातून 4 वजा केले की 19.2 मिमी उरतात. हात वर करून बाहेर फिरवताना गोळ्यावर वाटी टेकायचा पट्टा एवढाच रुंद. आता कफच्या, म्हणजे गोळ्याभोवतीच्या स्नायूंच्या, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे पट्टे) गोळ्याला जिथे चिकटतात तिथपासून खाचेच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. ते 17 मिमी भरलं तर खाच पट्ट्यातच राहते. 22 भरलं तर वाटीची कड खाचेत अडकून खांदा उतरतो. मग फाटलेली कड शिवणं, म्हणजे बँकार्ट, एकट्यानं पुरत नाही. मागची कंडरा खाचेत शिवून ती भरतात, त्याला रेम्प्लिसाज म्हणतात. हात बाहेर फिरवणं त्यानं थोडं कमी होऊ शकतं. वाटीचं हाड 20-25 टक्क्यांवर गेलं असेल तर लाटार्जे, म्हणजे हाड बसवणंच.

तुमचा मुलगा मधल्या गटात आहे. इथे 10 गुणांचा आयसिस स्कोअर कामाचा, शिवल्यावर खांदा पुन्हा उतरण्याचा धोका त्यावरून कळतो : वय 20 पर्यंत 2, स्पर्धात्मक खेळ 2, अंगाला अंग भिडणारा खेळ 1. पाच तर इथेच झाले! हात बाहेर फिरवून काढलेल्या साध्या एक्स-रेत खाच दिसली तर आणखी 2. बेरीज 6 च्या वर गेल्यास नुसत्या शिवणीवर भिस्त ठेवू नये. आमचा कल तिथे लाटार्जेकडे.

प्रश्न : लाटार्जेत बिघडतं काय?

उत्तर : बहुतेकदा जागा चुकते. कोरॅकॉइडचा, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाचा, 2-2.5 सेंमी तुकडा त्याच्या कंडरेसह वाटीच्या पुढच्या-खालच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवतात. तो वाटीच्या पातळीत हवा. बाहेर डोकावला तर गोळा घासून सांधा झिजतो, फार आत गेला तर खांदा पुन्हा उतरतो. जवळून नसा जातात, त्या ताणल्या की बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो. तंबाखू-सिगारेटनं हाड जुळणं लांबतं, ती आधीच सोडावी. मैदानावर परतायला साधारण 4 ते 6 महिने, तेही सीटीत हाड जुळल्याचं पाहून.