एफ-१ व्हिसावरची खेळाडू आणि विद्यापीठाने देऊ केलेले १५,००० डॉलर

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर दुसऱ्या वर्षाला आहे. लांब उडीत विद्यापीठाच्या संघातून खेळते. व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. आता विद्यापीठाने तिला वर्षाला १५,००० डॉलर, १२ हप्त्यांत, असा करार पाठवला आहे. तिथली एक जिम इन्स्टाग्रामवरच्या पोस्टसाठी ३,००० डॉलर देते म्हणते. त्यातली एक पोस्ट तिने टाकलीही आहे आणि त्या बदल्यात जिममध्ये तिला फुकट प्रवेश आहे. पुण्याची एक प्रोटीन पावडरची कंपनी सुट्टीत जाहिरात करण्यासाठी दीड लाख रुपये द्यायला तयार आहे. तिचा एजंट म्हणतो, व्हिसाची भीती वाटत असेल तर पैसे भावाच्या खात्यावर घेऊ, नाहीतर पी-१ व्हिसा काढू. सही करावी का? – एक पालक, सातारा

उत्तर : आहे त्या मजकुरावर सही करू नका. भावाच्या खात्याचा विषय आजच बंद करा. पुण्याचे काम करता येईल, पण पुण्यातच आणि काही पथ्ये पाळून. आता एकेक बाब सविस्तर पाहू, कारण तुमच्यासमोरचे हे तीन पैसे कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या जातीचे आहेत.

आधी, विद्यापीठ एकदम पैसे का देऊ लागले ते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२१ रोजी अल्स्टन खटल्यात एकमताने निकाल दिला, की शिक्षणाशी निगडित लाभांवर महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, मर्यादा घालू शकत नाही. त्यानंतर १० दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याचा मोबदला बाहेरून घेण्याची मुभा मिळाली. यालाच तिकडे एनआयएल म्हणतात. मोठा बदल झाला तो ६ जून २०२५ रोजी. खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयाने मंजूर केली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तडजोडीची मुदत १० वर्षे. या रकमेचा मोठा घास अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल घेते. लांब उडीच्या मुलीला १५,००० देऊ केलेत म्हणजे प्रशिक्षकांना ती संघात हवी आहे. हे लक्षात ठेवा, वाटाघाटीत त्याचा उपयोग होईल.

हे सगळे नियम स्पर्धा-कायद्यातून, म्हणजे बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या कायद्यातून, आले आहेत. व्हिसाच्या कायद्यात त्यांच्यामुळे एक अक्षरही बदललेले नाही. एनसीएए आणि विद्यापीठ ‘पैसे घ्यायला हरकत नाही’ म्हणतात तेव्हा ते पात्रतेबद्दल बोलत असतात. मुलीच्या मुक्कामाबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांना नाही.

एफ-१ वर काम करण्याचे मार्ग मोजके आहेत. कॅम्पसवर, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून परवानगीने केलेले प्रशिक्षण. पदवीशी संबंधित १२ महिन्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर अनपेक्षित गंभीर आर्थिक अडचण आली तर वेगळी परवानगी. याबाहेरचे काम विनापरवाना ठरते आणि त्याची शिक्षा फार कडक आहे. गुण कमी पडून किंवा विषय सोडल्यामुळे एफ-१ चा दर्जा गेला तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण विनापरवाना काम केले असेल तर त्या अर्जासाठी विद्यार्थी अपात्र ठरतो. पुढे प्रत्येक व्हिसा अर्जात ‘पूर्वी व्हिसाच्या अटी मोडल्या आहेत का’ हा प्रश्न येतोच.

विद्यापीठाच्या करारात बहुधा असे लिहिलेले असेल, की ही रक्कम नाव आणि छबी वापरण्याच्या परवान्याची आहे, खेळण्याचा पगार नाही, आणि खेळाडू कर्मचारी नाही. ज्यात स्वतः काही काम करावे लागत नाही असे उत्पन्न, उदाहरणार्थ शेअरवरचा लाभांश, एफ-१ विद्यार्थ्याला चालते. त्याच धर्तीवर ‘हा केवळ परवाना आहे’ असा युक्तिवाद काही विद्यापीठांचे वकील करतात. तो अगदीच पोकळ नाही. पण त्यावर गृहसुरक्षा खात्याचा स्पष्ट नियम नाही, आणि करार पुढे वाचला की तोच मजकूर युक्तिवाद कापून टाकतो : सामाजिक माध्यमांवर ठरावीक पोस्ट, देणगीदारांच्या मेळाव्याला हजेरी, जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी ठरावीक तास, संघातून बाहेर पडल्यास हप्ते बंद. जिथे हजेरी लावायची आणि नाही लावली तर पैसे कापायचे, तिथे अधिकारी त्याला काम म्हणेल. कराराचे शीर्षक काय आहे, याने त्याला फरक पडत नाही.

मग याला सरळ कॅम्पसवरची नोकरीच का म्हणू नये, असे तुम्ही विचाराल. इथे भविष्याचा प्रश्न येतो. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जॉन्सन खटल्यात ११ जुलै २०२४ रोजी म्हटले, की महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात. प्रकरण पुढील तपासणीसाठी खाली पाठवले गेले. उलट दिशेने, खेळाडूंना कर्मचारी मानूच नये असे सांगणारे स्कोअर विधेयक २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात आले, पण त्या वर्षी त्यावर मतदान झाले नाही. समजा उद्या खेळाडू कर्मचारी ठरले. तुमच्या मुलीला कॅम्पसवरच्या नोकरीचा मार्ग मिळेल, पण २० तासांची मर्यादाही लागू होईल. एनसीएएच्या हिशेबात हंगामातला सराव आठवड्याला २० तासांपर्यंत चालतो, म्हणजे सगळे तास तिथेच संपले. तिने वाचनालयात अर्धवेळ काम धरले असेल तर ती लगेच मर्यादेबाहेर जाते. शिवाय दुसऱ्या राज्यातली स्पर्धा ‘कॅम्पसवर’ कशी म्हणायची, याचे उत्तर कुठेच नाही. म्हणून आज कर्मचारी नाही हे तिच्या गैरसोयीचे, आणि उद्या कर्मचारी झाली तरी सोयीचे होईलच असे नाही. परदेशी खेळाडूंसाठी एफ-१ नियमात दुरुस्ती करण्याचे विधेयक २०२३ मध्ये सिनेटमध्ये मांडले गेले होते, त्याचाही कायदा झाला नाही. ‘नियम बदलतीलच’ या भरवशावर आज सही करणे म्हणजे आजचे उल्लंघन उद्याच्या कायद्याने धुऊन निघेल असे समजणे. तसे होत नाही.

यातून मार्ग आहे, आणि तो विद्यापीठाच्याच हातात आहे. रक्कम छबीच्या मोबदल्याऐवजी शिक्षणाच्या रूपात मागा. हाउस तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत, शिष्यवृत्तींच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात किती खेळाडू असावेत याची मर्यादा आली. महिला ॲथलेटिक्ससाठी पूर्वी १८ शिष्यवृत्त्यांचे बंधन होते, आता संघ ४५ चा आणि शिष्यवृत्ती कोणालाही देता येते. त्यामुळे उन्हाळी सत्राची फी, पदवीनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाची लेखी हमी, निवास-भोजनाच्या वरचा राहणीमानाचा खर्च, लॅपटॉप आणि पुस्तके हे सर्व मागता येते. अल्स्टन निकालानंतर शैक्षणिक कामगिरीसाठी वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत बक्षीस देता येते. ते अभ्यासासाठी असते, छबीसाठी नाही, त्यामुळे एफ-१ च्या दृष्टीने त्याची बाजू बरीच भक्कम आहे. दोन वर्षांची पदव्युत्तर फी १५,००० च्या हप्त्यांपेक्षा कितीतरी जड भरते. क्रीडा विभागाला हे शब्दशः लिहून पाठवा, आणि उत्तर प्रशिक्षकाचे नको, विद्यापीठाच्या विधी विभागाचे हवे, लेखी हवे.

तरीही विद्यापीठ परवाना करारावरच अडले, तर तीन कलमे शोधा. ‘मी हे पैसे घेण्यास कायद्याने पात्र आहे आणि तसे नसल्यास जबाबदारी माझी’ असा मजकूर असेल तर स्थलांतर कायद्याचा सगळा धोका तिने स्वखुशीने अंगावर घेतला असा त्याचा अर्थ होतो. दुसरे, विद्यापीठ बदलल्यास पैसे परत करण्याची अट. ती केवळ कागदावर राहत नाही : जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संस्थेने संघ सोडून गेलेल्या एका फुटबॉलपटूकडून ३,९०,००० डॉलर वसूल करण्यासाठी कारवाई सुरू केली. तिसरे, छबी वापरण्याचा हक्क पदवीनंतरही चालू राहतो का.

जिमचे प्रकरण छोटे आहे आणि स्पष्ट आहे. अमेरिकेत राहून, पैसे घेऊन पोस्ट टाकणे हे काम आहे. नाही म्हणा. फुकट प्रवेश हाही मोबदलाच, तो थांबवा. टाकलेली पोस्ट घाईघाईने पुसू नका आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात लगेच धावूही नका. तिथल्या अधिकाऱ्यावर विद्यार्थ्याच्या नोंदी सरकारी प्रणालीत कळवण्याची जबाबदारी असते. आधी स्वतंत्र, विद्यापीठाशी संबंध नसलेल्या स्थलांतर वकिलाला गाठा. त्याच्याशी झालेले बोलणे गोपनीय राहते. पोस्ट कधी टाकली, जिमशी काय निरोप झाले, किती वेळा प्रवेश घेतला, हे तारखेनिशी लिहून त्याच्यासमोर ठेवा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सामाजिक माध्यमांची खाती सार्वजनिक ठेवावी लागतात, म्हणजे मुंबईच्या वकिलातीत नूतनीकरणाला गेल्यावर ती पोस्ट अधिकाऱ्याच्या पडद्यावर असू शकते.

भावाच्या खात्याबद्दल. काम मुलीचे आणि पैसे भावाला, यामुळे काम नाहीसे होत नाही. पुरावा मात्र तयार होतो, की तुम्हाला अडचण माहीत होती आणि ती लपवली. विनापरवाना काम हा एक दोष, जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा दुसरा, आणि दुसऱ्याची शिक्षा अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होण्यापर्यंत जाते. असा सल्ला देणारा एजंट बदला.

पी-१ व्हिसाही एजंट सांगतो तितका सोपा नाही. तो आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या खेळाडूसाठी असतो. अर्ज खेळाडूला स्वतः करता येत नाही, अमेरिकेतल्या नियोक्त्याला किंवा एजंटला करावा लागतो. पुराव्यात राष्ट्रीय संघातून सहभाग, जागतिक क्रमवारी, मोठा सन्मान अशा निकषांपैकी किमान दोन लागतात, आणि अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धेतला भरीव सहभाग हाही एक निकष आहे. तुमची मुलगी भारताकडून आशियाई पातळीवर उतरली असेल तर कागद उभा राहू शकेल. पण कायद्याचे शब्द असे आहेत, की खेळाडू ‘केवळ’ खेळण्यासाठी येत असावा. पूर्ण वेळ पदवी घेणारी विद्यार्थिनी त्या ‘केवळ’मध्ये बसवणे अवघड आहे, आणि एनसीएएत खेळायचे तर साधारणपणे पूर्ण वेळ विद्यार्थी असावेच लागते. करातही फरक पडतो. एफ-१ वर पहिली ५ कॅलेंडर वर्षे मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत, ती अनिवासी राहते आणि सामाजिक सुरक्षा कर लागत नाही. पी-१ वर ही सवलत जाते. १५,००० डॉलरसाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

आता पुणे. काम अमेरिकेच्या भूमीवर झाले नाही तर ते तिथले विनापरवाना काम ठरत नाही. केंटकी विद्यापीठाचा काँगोचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिबवे याने ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामात असताना तिथेच जाहिरातींचे काम केले होते, ते याच आधारावर. मुलगी भारतीय नागरिक आहे, तिला इथे काम करायला परवानगी लागत नाही. मात्र चित्रीकरण, आवाज देणे, पोस्ट लिहिणे आणि ती प्रसिद्ध करणे हे सगळे ती भारतात असतानाच पूर्ण व्हायला हवे. ऑक्टोबरमध्ये वसतिगृहातून ‘एवढी एक स्टोरी टाक’ असे कंपनीने सांगितले की सगळी मेहनत वाया. करारात कामाचे ठिकाण, सुरुवात आणि शेवटची तारीख लिहून घ्या. विमानाचे तिकीट, पासपोर्टवरचे शिक्के आणि चित्रीकरणाच्या दिवसाचे कागद जपून ठेवा. विद्यापीठाचे चिन्ह, गणवेश, मैदान जाहिरातीत नको. आणि ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा करार एनआयएल गो या यंत्रणेत ५ कामकाजाच्या दिवसांत नोंदवावा लागतो. दीड लाख रुपये त्या रेषेच्या बरेच वर आहेत. नोंद करायची राहिली तर व्हिसाला धक्का लागणार नाही, पण खेळण्याची पात्रता अडकते. प्रोटीन पावडरच असेल तर तिसऱ्या संस्थेचा चाचणी अहवाल बॅचनुसार मागा. भेसळीमुळे उत्तेजक चाचणीत दोष निघाला तर ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव फारसा चालत नाही.

दीड लाख कुठल्या खात्यावर घ्यायचे, इथे बऱ्याच घरांत चूक होते. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २००३ च्या परिपत्रकानुसार शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याखाली अनिवासी धरला जातो. तिचे साताऱ्यातले जुने बचत खाते अजून निवासी असेल तर बँकेत जाऊन ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा आय-२० दाखला आणि पॅन लागेल. कंपनी मूळस्रोतावर करकपात करेल. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही ती अनिवासी असेल तर कपातीचा दर वेगळा लागतो, म्हणून तिची निवासी स्थिती कंपनीला आधीच लेखी कळवा आणि जुलैअखेर विवरणपत्र भरून जादा कपात परत मागा. अमेरिकेत ती दरवर्षी फॉर्म ८८४३ आणि उत्पन्न असल्यास १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र भरते का, हेही विचारा. शिष्यवृत्तीतला निवास-भोजनाचा भाग तिथे करपात्र असतो आणि त्यावर १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळणारी प्रमाणित वजावट न घेता कितीतरी मुले तो पैसा तसाच सोडून देतात.