‘निवडून येण्याजोगा’ की ‘जड जाणारा’?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे की, ‘इलेक्टेबल’ आणि ‘इलेक्टेबिलिटी’ या शब्दांना मराठीत नेमके काय म्हणावे. त्यांच्यापुढच्या वाक्यात एका पक्षाचे कार्यकर्ते दुसऱ्या पक्षातील संभाव्य उमेदवार कितपत ‘इलेक्टेबल’ आहे, याचा अंदाज बांधत आहेत. त्यांनी आधी ‘निवडणूकयोग्य’ असे लिहिले, ते खटकले म्हणून ‘निवडून येण्यास पात्र’ असे केले, आणि आता कार्यकर्ते विरोधकाचे कौतुकच करीत आहेत असा भास होतो, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार रास्त आहे. तिचे मूळ मात्र शब्दाच्या निवडीपेक्षा, हा अंदाज कोण कोणाविषयी बांधतो आहे, यात आहे.

‘निवडणूकयोग्य’ हा शब्द सुचणे स्वाभाविक असले तरी तो टिकत नाही. पिण्यायोग्य पाणी किंवा लागवडयोग्य जमीन म्हणताना त्या गोष्टीचा काय उपयोग होऊ शकतो ते आपण सांगत असतो, आणि त्या चालीने ‘निवडणूकयोग्य’ म्हटले की निवडणूक घेण्यास योग्य असे हवामान किंवा वातावरण डोळ्यांसमोर येते, माणूस येत नाही. ‘कार्यक्षम’च्या धर्तीवर ‘निवडणूकक्षम’ असाही शब्द कोणी सुचवील, पण तो मोठ्याने वाचून पाहावा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या ‘निवडणूक कक्षा’ची पाटी वाचल्यासारखे वाटते. ‘निर्वाचनीय’ व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु हिंदीतल्या ‘निर्वाचन आयोगा’ला मराठीने ‘निवडणूक आयोग’ म्हटले आणि ‘निर्वाचक मंडळा’सारख्या एखाद्या संज्ञेपलीकडे तो धातू आपल्याकडे रुळला नाही, त्यामुळे हा शब्द वाचकाला थांबवून अर्थ विचारायला लावील.

‘पात्र’ची अडचण वेगळी आहे. निवडणुकीच्या संदर्भात हा शब्द कायद्याने आधीच आपल्या नावावर करून घेतला आहे. अमेरिकेच्या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार अध्यक्षपदासाठी माणूस जन्माने अमेरिकी नागरिक असावा लागतो, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे लागते आणि त्याचे देशात १४ वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते. ही झाली पात्रता. १९५१ साली अमलात आलेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने दोनदा निवडून आलेल्या व्यक्तीला तिसऱ्यांदा निवडून येण्याची दारे बंद केली, म्हणजे एखादा लोकप्रिय माजी अध्यक्ष उभा राहिला असता तर सहज जिंकला असता, तरीही तो अपात्रच. उलट अर्ज भरणारे कित्येक हौशी उमेदवार पूर्णपणे पात्र असतात आणि त्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कोणी मत देत नाही. आमदारांच्या अपात्रतेच्या सुनावण्या वाचून झालेल्या मराठी वाचकाला तर ‘पात्र’ म्हटले की हटकून अध्यक्षांचा निवाडाच आठवणार, आणि तोही विधानसभा अध्यक्षांचा.

आता थोडे खोलात जाऊ, कारण ‘निवडून’ या शब्दाभोवती मराठीने जी क्रियापदे उभी केली आहेत ती या चर्चेत फार उपयोगी पडतात. मतदार निवडून देतात, पक्ष किंवा पुढारी निवडून आणतो आणि उमेदवार निवडून येतो. इंग्रजीतला ‘इलेक्टेबल’ या तिघांना एकाच शब्दात कोंबतो. मराठीला आधी सांगावे लागते की आपण कोणाच्या बाजूने बोलत आहोत. ‘निवडून देण्याजोगा’ म्हटले की मतदाराची नजर आली आणि तिच्याबरोबर त्या माणसाच्या योग्यतेची ग्वाही आली. ‘निवडून येण्याजोगा’ म्हटले की ती ग्वाही बरीचशी गळून पडते. याचे श्रेय ‘येणे’ या क्रियापदाला आहे. जुळून येणे, दाटून येणे, भरून येणे या सगळ्यांत काहीतरी आपोआप घडत गेल्याची छटा आहे. करणारा हात दिसत नाही. ‘निवडून येणे’ हे त्याच कुळातले आहे, आणि म्हणून पराभूत बाजूच्या माणसालाही ते तोंड वाकडे न करता म्हणता येते.

राहिला ‘-जोगा’. हा ‘योग्य’चाच घरगुती अवतार आहे आणि त्याचा स्वभाव दुहेरी आहे. ‘बघण्याजोगे गाव’ म्हणताना आपण स्तुती करतो, ‘चालण्याजोगी वाट’ म्हणताना केवळ इतके सांगतो की त्या वाटेने जाता येईल. ‘-एबल’ या इंग्रजी प्रत्ययातही हीच दुटप्पी वागणूक आहे आणि वाचकांना जाणवलेला कौतुकाचा वास तिथूनच येतो. मूळ इंग्रजी वाक्यात संदर्भामुळे तो दबतो; आपल्या वाक्यात ‘पात्र’ शब्दाने त्याला आणखी फुंकर घातली.

मराठी माणूस हा विचार रोजच्या बोलण्यात कसा मांडतो, ते ऐकले तर कौतुक आणि अंदाज किती स्वच्छ वेगळे ठेवता येतात ते कळते. आमच्या तालुक्याच्या गावी एका निवडणुकीच्या आधी चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बोलत बसले होते. एकाने कोणाचे तरी नाव घेतले, दुसऱ्याने बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “माणूस लाख चांगला आहे हो, पण सीट निघायची नाही.” या एका वाक्यात गुण एकीकडे आणि निकाल दुसरीकडे पडला आहे. सीट निघणे, जागा काढणे, गुलाल लागणे ही सगळी भाषा निकालाची आहे, लायकीची नाही. गंमत म्हणजे हरणाऱ्यासाठी आपल्याकडे तयार विशेषण आहे, ‘पडेल’. ‘अडेलतट्टू’तला अडेल आणि ‘सडेल’ यांच्या पंगतीत बसणारा हा शब्द रूपाने ‘पडणे’चा भविष्यकाळही आहे, त्यामुळे ‘पडेल उमेदवार’ म्हणताना विशेषण आणि भाकीत एकदमच उच्चारले जाते. जिंकणाऱ्यासाठी इतका आटोपशीर शब्द मराठीने घडवला नाही. हिंदी वर्तमानपत्रांनी ‘टिकाऊ’च्या जोडीला ‘जिताऊ’ आणला. मराठीत ‘जिंकाऊ’ काही झाले नाही आणि होऊ नये असे माझे मत आहे.

ही पोकळी आपल्या पत्रकारितेने ‘इलेक्टिव्ह मेरिट’ या जोडशब्दाने भरून काढली. तो दिसतो इंग्रजी, पण वावरतो आपल्या तिकीटवाटपाच्या बातम्यांत. त्यात ‘मेरिट’ आहे, म्हणजे पुन्हा गुणवत्ता आलीच. मात्र या गुणवत्तेत जात, पैसा, साखर कारखाना आणि घराण्याचे नाव यांची बेरीज असते, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणून असतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हा शब्द पक्ष आपल्याच इच्छुकांना लावतो. समोरच्या पक्षाच्या उमेदवाराकडे ‘इलेक्टिव्ह मेरिट’ आहे, असे म्हणणारा कार्यकर्ता मी अजून ऐकलेला नाही. ‘निवडून येण्याची क्षमता’ या त्याच्या मराठी भावंडाचेही तसेच आहे. क्षमता ही माणसाच्या अंगात असते, आणि आपण तिकीट ज्याला देणार आहोत त्याच्या अंगात ती शोधतो.

समोरच्याविषयी बोलताना मराठी कार्यकर्ता वेगळेच क्रियापद वापरतो. तो म्हणतो, “हा उभा राहिला तर आपल्याला जड जाईल,” किंवा “त्यांनी त्याला तिकीट दिले तर आपल्याला सोपे जाईल.” परीक्षेचा पेपर जड जातो किंवा सोपा जातो, त्याच जातीचा हा प्रयोग आहे. यातला ‘आपल्याला’ फार मोलाचा आहे. पेपर स्वतःहून अवघड नसतो, तो कोणाला तरी अवघड जातो. तसाच उमेदवारही कोणापुढे उभा आहे यावर जड किंवा हलका ठरतो. आणि जो जड जाईल असे आपण म्हणतो त्याच्याविषयी आदर, प्रेम किंवा सहमती यांतले काहीही कबूल करावे लागत नाही. वाचकांच्या वाक्याला हवी असलेली नेमकी हीच छटा आहे.

अमेरिकेचा इतिहास पाहिला तर हा ‘आपल्याला’ विसरणाऱ्यांची फजिती कशी झाली तेही दिसते. १९६६ साली कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर पॅट ब्राउन तिसऱ्यांदा उभे होते. रिपब्लिकन पक्षातून सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज क्रिस्टोफर आणि चित्रपटनट रोनाल्ड रेगन हे दोघे इच्छुक होते. ब्राउन यांच्या माणसांना वाटले की मवाळ क्रिस्टोफर जड जातील आणि नट सोपा जाईल, म्हणून त्यांनी क्रिस्टोफर यांच्या दुग्धव्यवसायातील दुधाच्या दरांच्या नियमभंगाचे जुने प्रकरण उकरून वृत्तपत्रातील एका स्तंभलेखकापर्यंत पोहोचवले. रेगन यांना उमेदवारी मिळाली आणि त्यांनी ब्राउन यांना सुमारे १० लाख मतांनी पाडले. १४ वर्षांनी, १९८० साली, तत्कालीन डेमोक्रॅटिक अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या गोटात पुन्हा हाच हिशेब मांडला गेला: रेगन वयाने ६९ वर्षांचे, विचारांनी फार उजवे, तेव्हा तेच बरे. निर्वाचक मंडळात, म्हणजे अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींत, रेगन यांना ४८९ मते मिळाली, कार्टर यांना ४९.

अंदाज नेहमी चुकतोच असे नाही. १९७२ साली तत्कालीन रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या माणसांनी डेमोक्रॅटिक पक्षातील एडमंड मस्की यांना जड मानले आणि बनावट पत्रासारख्या कारवाया करून त्यांची वाट बिकट केली. शेवटी समोर आले ते जॉर्ज मॅकगव्हर्न, आणि त्यांना निर्वाचक मंडळात ५२० विरुद्ध १७ अशा मतांनी हरवणे निक्सन यांना अजिबात जड गेले नाही. त्या कारवायांचे पुढे काय झाले तो विषय निराळा.

आणखी एक प्रसिद्ध उदाहरण भाषेच्या दृष्टीनेही चाखण्यासारखे आहे. एप्रिल २०१५मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेतील एका टिपणात रिपब्लिकन पक्षातील डोनाल्ड ट्रम्प, टेड क्रूझ आणि बेन कार्सन यांचा उल्लेख ‘पाइड पायपर’ उमेदवार असा केला होता आणि माध्यमांनी त्यांना गांभीर्याने घ्यावे असे प्रयत्न करावेत, असे सुचवले होते. पुढल्या वर्षी गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या ‘विकिलीक्स’ने ते टिपण जगासमोर आणले. आपल्या बालवाङ्मयात हॅमेलिनचा तो माणूस ‘पुंगीवाला’ म्हणून आला आहे, तेव्हा अनुवादात बेलाशक ‘पुंगीवाले उमेदवार’ लिहावे. पक्षाला आपल्यामागे नेऊन बुडवतील ते, असा अर्थ मराठी वाचकाला लगेच लागेल. टिपण लिहिणाऱ्यांना बहुधा ही पुंगी गाजराची वाटली असावी, वाजली तर वाजली नाही तर मोडून खाल्ली. ट्रम्प यांना निर्वाचक मंडळाची ३०४ मते मिळाली.

वाचकांच्या वाक्यातल्या बाकीच्या दोन शब्दांकडेही जाता जाता पाहायला हवे. ‘विरोधी पक्ष’ हा शब्द मराठीत सत्तेबाहेरच्या पक्षासाठी राखीव आहे. २०१५ साली अध्यक्ष डेमोक्रॅटिक होते, पण अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांच्या हातात होती. अशा ठिकाणी ‘विरोधी पक्ष’ लिहिल्याने घोटाळा होतो, म्हणून ‘समोरचा पक्ष’ किंवा थोडे भारदस्त हवे असल्यास ‘प्रतिपक्ष’ बरा. तसेच ‘इच्छुक’ आणि ‘संभाव्य उमेदवार’ हे एक नव्हेत. इच्छुक हा स्वतःच्या इच्छेने रांगेत असतो, कधी कधी गुडघ्याला बाशिंग बांधून, आणि त्याच्या नावामागे चौकातल्या फलकावर ‘भावी’ लागलेले असते. संभाव्य उमेदवार हा इतरांच्या अंदाजातला, त्याने स्वतः अजून तोंडही उघडलेले नसेल. ‘उमेदवार’ या फारसी शब्दाच्या पोटात उमेदच आहे, आशा बाळगणारा तो उमेदवार, आणि कारखान्यातला ‘शिकाऊ उमेदवार’ अजून त्याच अर्थाला धरून आहे. त्यामुळे उमेदवाराची उमेद आणि त्याच्याविषयीचा दुसऱ्यांचा अंदाज या दोन गोष्टी वाक्यात वेगळ्या राहिल्या तर शब्दाच्या मूळ अर्थालाही न्याय मिळतो.

तेव्हा माझी सूचना अशी की, एकाच इंग्रजी शब्दासाठी एकच मराठी शब्द ठेवण्याचा आग्रह या लेखापुरता सोडावा. पक्ष आपल्याच माणसाला तोलत असेल तेथे ‘निवडून येण्याची क्षमता’ लिहावे. निवेदक तटस्थ असेल, किंवा शीर्षकात आणि तक्त्यात नाम हवे असेल, तेथे ‘निवडून येण्याची शक्यता’ लिहावे. शक्यता ही परिस्थितीची असते, माणसाच्या अंगची नसते, त्यामुळे तिच्यात शिफारस शिरत नाही. ‘विजयक्षमता’ हा आटोपशीर शब्द राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चालेल, कार्यकर्त्यांच्या तोंडी मुळीच नाही. आणि ज्या वाक्यावरून प्रश्न निघाला ते असे करता येईल: ‘समोरच्या पक्षाने याला उमेदवारी दिली तर तो आपल्याला कितपत जड जाईल, याचा अंदाज कार्यकर्ते बांधत होते.’ मूळ वाक्यात ‘आपल्याला’ कोठेच नाही, आणि एखादा काटेकोर संपादक त्यावर लाल रेघ ओढील. त्याने ओढली तर ‘कितपत जड जाईल’च्या जागी ‘निवडून येण्याची कितपत शक्यता आहे’ एवढा बदल मान्य करावा, पण ‘पात्र’ आणि ‘योग्य’ यांना परत येऊ देऊ नये.