मेंदूतल्या चेतापेशी योग्य पेशीशीच कशा जोडल्या जातात?
यात पेशीच्या आवरणावरची, शेजारणीला चिकटणारी प्रथिनं मोठं काम करतात, आणि ती नुसती चिकटून थांबत नाहीत. संदेश पाठवणाऱ्या पेशीवर न्यूरेक्सिन, घेणाऱ्या पेशीवर न्यूरोलिजिन. मधल्या सुमारे २० नॅनोमीटरच्या फटीत ती एकमेकांना धरतात आणि दोन्हीकडे जोडणीची सामग्री गोळा होऊ लागते. २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला अजूनही थक्क करतो: चेतापेशी नसलेल्या पेशीत न्यूरोलिजिन बनवलं, तर तिला टेकलेल्या चेतातंतूने तिथेही संदेश पाठवण्याची जागा उभारली! न्यूरोलिजिन-१ प्रामुख्याने उत्तेजक जोडणीत असतं, न्यूरोलिजिन-२ शामक जोडणीत.

काही प्रथिनं उलट दूरही सारतात. फळमाशीत डीस्कॅम या एकाच जनुकापासून अशा प्रथिनाचे ३८,०१६ प्रकार बनू शकतात. अंगावरचे प्रकार जुळले की पेशीच्या फांद्या आपल्याच फांद्या ओळखून टाळतात.