वडिलांना स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २२ आले, म्हणजे डिमेन्शिया सुरू झाला का?

नाही. २२ म्हणजे पुढे नीट तपासा, एवढंच. वडील किती शिकलेत हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

आमच्या आईला मोका चाचणीत (स्मरण, लक्ष, चित्र काढणं असं सगळं तपासणारी ३० गुणांची चाचणी) १७ आले होते. आई चौथी पास, राधानगरीकडची, सगळा जन्म शेतात आणि गोठ्यात गेलेला. तिच्यापुढे कागद ठेवला, ठोकळ्याचं चित्र बघून तसंच काढा म्हणे. पेन्सिल हातात धरायची सवय कुणाला? तिने चौकोनाला चौकोन चिकटवला. गुण नाही. आकडा-अक्षर-आकडा अशी रेघ जोडायची होती, तिथेही नाही. गेंड्याचं चित्र दाखवलं तर म्हणाली गवा. दाजीपूरच्या जंगलाशेजारची बाई दुसरं काय म्हणणार? त्यात तपासणाऱ्या मुलीच्या तोंडावर मास्क आणि आईला एका कानाने ऐकूच येत नाही. पाच शब्द धड कानावर पडलेच नाहीत, तर पाच मिनिटांनी आठवणार कुठून? कमी शिकलेल्यांना यात एक गुण वाढवून देतात. एक!

हीच बाई दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल स्वतः ताडून बघते. फॅट कमी लावली तर सेक्रेटरीची खैर नसते.

ही चाचणी २००५ साली माँट्रियलच्या डॉक्टरांनी पुढे आणली, २६ ची रेघही, म्हणजे त्याखाली गुण आले तर पुढे तपासा, ही तिथलीच. नंतरच्या अभ्यासांतून ती २३ वर आणावी असंही निघालंय. आपल्याकडे ९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढला न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली. त्यात वाक्य लिहायला न लावता घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात. रोजचे व्यवहार जमतात का, हे घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही तिथेच झाली. सौम्य विस्मरण आणि डिमेन्शिया यांतला फरक मुळात रोजच्या व्यवहारावरच ठरतो, कागदावरच्या गुणांवर नाही.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कान तपासले, बी-१२ आणि थायरॉइड बघितलं, झोप आणि उदासपणाबद्दल विचारलं, आणि अंग खाजतं म्हणून ती वर्षानुवर्षं घेत असलेली क्लोरफेनिरामिनची गोळी बंद केली. म्हाताऱ्या माणसाचं डोकं असल्या गोळ्यांनी जड होतं. बी-१२ कमीच निघालं होतं. दोन्ही मार्गी लागल्यावर आईत पडलेला फरक शेजाऱ्यांनाही दिसला.

पण तोवर दादाने तो १७ चा कागद भाऊबंदांत फिरवला होता. 'आईला आता काही समजत नाही, जमिनीच्या सह्या माझ्यावर सोडा.' दादा, वाचत असशील तर ऐक : भारतीय करार कायद्याचं कलम १२ बघ. करार करताना त्या माणसाला तो समजतो का आणि त्यातलं आपलं हित-अहित त्याला ठरवता येतं का, एवढंच ते विचारतं. ठोकळा काढता येतो का, हे विचारत नाही. तुमच्याही घरात कुणी हा आकडा घेऊन बँकेत किंवा तलाठ्याकडे निघालं असेल, तर आधी त्याला थांबवा.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई चाचण्यांच्या विरोधात आहे. वडील पदवीधर असतील आणि २२ आले असतील, तर ते माझ्या आईच्या १७ पेक्षा जास्त काळजीचं आहे. गुण कुठे गेले ते कागदावर बघा. पाच शब्दांतला एकही आठवला नसेल आणि 'फळ होतं', 'रंग होता' असं सुचवूनही आठवला नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका. औषधांच्या वेळा चुकणं, तेच बिल दोनदा भरणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, यातलं काही असेल तरीही तेच. आणि चाचणी पुढच्याच आठवड्यात पुन्हा करायला लावू नका, तेच शब्द लक्षात राहतात आणि गुण फुकट वाढतात. सहा महिने ते वर्षाने, वेगळ्या शब्दांचा कागद मागून घ्या. जाताना चष्मा आणि कानाचं मशीन न्या.