‘काउबॉय बिबॉप’ एका पर्वात संपली आणि ‘वन पीस’ टिकली, असे का झाले?

आपण विचारले आहे की, गाजलेल्या जुन्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकांवरून खरे कलाकार घेऊन केलेल्या दूरचित्रवाणी मालिका बहुधा का फसतात. आणि तसा नियमच असेल, तर नेटफ्लिक्सवर ‘काउबॉय बिबॉप’ एका पर्वात आटोपली पण ‘वन पीस’ला पुढचे पर्व मिळाले, हे कसे. आधी मूळ मालिका पाहावी की रूपांतर, असाही प्रश्न आपण शेवटी जोडला आहे. ‘बिबॉप’ची मूळ मालिका माझ्या अत्यंत जिव्हाळ्याची असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

या अपयशाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक असे की, कागदावर शोभणारे रंगीत केस आणि अशक्य पोशाख हाडामांसाच्या माणसावर विचित्र दिसतात. दुसरे असे की, रूपांतर करणारे मूळ कथेशी इमान राखत नाहीत. दोन्हींत तथ्य आहे, परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. समुद्री चाच्यांच्या ‘वन पीस’चा नायक लुफी रबरासारखा ताणला जातो, त्याच्यापुढे उभा ठाकणारा खलनायक अर्धा मासा आहे, आणि मूळ कथेत तिथे केलेले बदलही किरकोळ नाहीत, तरीही ती मालिका उभी राहिली. मला वाटते, खरा प्रश्न वेगळा आहे. मूळ कलाकृतीने रूपांतरकाराला करण्यासारखे काही काम शिल्लक ठेवले आहे का, आणि असल्यास त्याने ते नेमके ओळखले आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

‘काउबॉय बिबॉप’ ही १९९८ ची मालिका. दिग्दर्शन शिनिचिरो वातानाबे यांचे, मुख्य पटकथाकार केइको नोबुमोतो, संगीत योको कान्नो यांचे आणि निर्मिती सनराइज या स्टुडिओची. टीव्ही टोकियोवर तेव्हा तिचे निम्म्याहूनही कमी भाग दाखवले गेले. संपूर्ण मालिका त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून वाउवाउ या उपग्रह वाहिनीवर प्रसारित झाली. २०७१ साली बक्षिसासाठी फरारी गुन्हेगार पकडत सूर्यमालेत भटकणाऱ्या काही कफल्लक माणसांची ही गोष्ट आहे. एकूण भाग २६ आणि प्रत्येक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा. ‘वन पीस’ किंवा ‘सेलर मून’ यांच्यामागे आधी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, होता, तसा इथे नव्हता. ही कथा पहिल्यापासून हलत्या चित्रांसाठीच रचली गेली, त्यामुळे तिचे चित्र, आवाज आणि संगीत बाजूला काढले तर हाती फारसे कथानक उरत नाही.

नेटफ्लिक्सची मालिका १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आली. दहा भाग होते, चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झाले होते, आणि मधे नायक स्पाइकची भूमिका करणाऱ्या जॉन चो यांच्या गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे काम अनेक महिने थांबले होते. प्रदर्शनानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ९ डिसेंबरला ती बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कलाकारांना मी दोष देणार नाही. जॉन चो यांच्या स्पाइकमध्ये थकवा आणि बेफिकिरी दोन्ही आहेत, आणि मुस्तफा शाकिर यांचा जेट ब्लॅक, म्हणजे स्पाइकचा साथीदार, तर आवाजापासून चालीपर्यंत विश्वसनीय आहे. जपानी डबिंगमध्ये स्पाइकला मूळचाच आवाज, म्हणजे कोइची यामादेरा यांचा, लाभला होता. शीर्षकदृश्ये मूळ धर्तीवर बारकाईने उभी केली होती. संगीतही योको कान्नो यांचेच होते. एवढे सगळे आणूनही मालिका का फसली, हे त्यामुळेच नीट तपासण्यासारखे आहे.

माझ्या मते घात झाला तो स्पाइकचा जुना सोबती व आताचा वैरी व्हिशस आणि स्पाइकची एकेकाळची प्रेयसी ज्युलिया या दोन पात्रांपाशी. मूळ मालिकेतील २६ भागांपैकी केवळ पाच भागांत व्हिशस येतो: पाचवा, बारावा, तेरावा आणि शेवटचे दोन. ज्युलिया तर शेवटच्या दोन भागांपर्यंत वर्तमानकाळात येतच नाही. तोवर ती एखाद्या क्षणाच्या आठवणीत दिसते किंवा दुसऱ्याच्या बोलण्यातून कळते. स्पाइकचा भूतकाळ असा दाबून ठेवल्यामुळे मधल्या भागांतल्या साध्या साध्या गोष्टींनाही, म्हणजे फ्रिजमध्ये विसरलेले खाणे, कधीच न मिळणारे बक्षीस, मांस न घालताच केलेली मांसाची भाजी यांनाही, एक वजन येते. आपण हसत असतो, पण हा माणूस काही तरी टाळतो आहे हे विसरत नाही. नव्या मालिकेने हे पोकळीचे स्थान भरून काढायचे ठरवले. व्हिशस आणि ज्युलिया नवराबायको झाले, त्यांच्या घरातला ताण, व्हिशसच्या गुन्हेगारी संघटनेच्या म्हाताऱ्या प्रमुखांविरुद्धचा कट, असे समांतर कथानक जवळपास प्रत्येक भागात चालू राहिले. जेटला मुलगी दिली गेली. चोवीस मिनिटांचा भाग चाळीस ते पन्नास मिनिटांचा झाला की काही तरी भरणे भागच पडते, आणि भरायला सापडले ते नेमके मूळ मालिकेने जाणीवपूर्वक न सांगितलेले.

एका प्रसंगावरून हा फरक स्पष्ट होईल. मूळ मालिकेच्या पाचव्या भागात एका ओसाड चर्चमध्ये स्पाइक आणि व्हिशस समोरासमोर येतात आणि स्पाइक रंगीत काचेच्या खिडकीतून खाली फेकला जातो. व्हिशस कोण, वैर कशाचे, याचा आपल्याला अजून पत्ता नसतो. स्पाइक पडत असताना लहान मुलाच्या आवाजातले गाणे चालू असते आणि त्याच्या जुन्या आयुष्याचे तुकडे, एकही शब्द न बोलता, झरझर निघून जातात. पुढच्या दृश्यात तो पट्ट्यांनी गुंडाळलेला पडून आहे आणि शेजारी त्याच्याच जहाजावरची सोबतीण फे गुणगुणते आहे. तो तिला जवळ बोलावतो आणि तिचा सूर चुकतो आहे एवढेच सांगतो. ती उशी हाणून निघून जाते. मालिका आपल्याला काहीही समजावत नाही, आणि त्यामुळे तो क्षण वर्षानुवर्षे मनातून जात नाही. नव्या मालिकेत हाच चर्चमधला सामना दहाव्या, म्हणजे अखेरच्या भागात ठेवला आहे. तोपर्यंत नऊ भागांत प्रत्येकाचा हेतू, मत्सर आणि इतिहास सांगून झालेला असतो. ज्युलियाच स्पाइकवर गोळी झाडते आणि संघटना ताब्यात घेते. छायाचित्रणात कष्ट दिसतात, परंतु माहिती पूर्ण झालेल्या प्रेक्षकाला त्या पडण्यात आता काही शोधायचे नसते.

संगीताबाबतही असेच घडले. मूळ मालिकेच्या वेळी कान्नो अनेकदा मागितलेले नसलेले संगीत स्वतःच रचून देत आणि ते ऐकून वातानाबे यांना नवी दृश्ये सुचत. म्हणजे कित्येक ठिकाणी संगीतातून दृश्य जन्मले होते. तेच सूर नंतर दुसऱ्याच पटकथेतील दृश्यावर चढवले की ते पार्श्वसंगीत होऊन बसतात. वातानाबे यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की, नव्या मालिकेतील सुरुवातीचे कॅसिनोमधले दृश्य पाहून त्यांनी पुढे पाहणे थांबवले. त्यांची ही प्रतिक्रिया मला कठोर वाटत नाही. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. केइको नोबुमोतो यांचे १ डिसेंबर २०२१ रोजी, नवी मालिका रद्द झाल्याची बातमी येण्यापूर्वी जेमतेम आठवडाभर, कर्करोगाने निधन झाले. त्या गदारोळात त्यांच्या लेखणीची जितकी आठवण व्हायला हवी होती तितकी झाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. स्पाइकची लकब जपानमधल्या १९७९ च्या एका गुप्तहेर मालिकेतील युसाकू मात्सुदा यांच्या भूमिकेवरून घेतली आहे, आणि त्याच्या मारामारीत ब्रूस लीची छाया उघड दिसते. म्हणजे खऱ्या नटांच्या हालचालींतून काय उचलायचे आणि काय गाळायचे, हे काम चित्रकारांनी १९९८ मध्येच करून ठेवले होते. ते गाळलेले पुन्हा भरून माणूस उभा करायचा, तर मूळ मालिकेने ज्याला स्पर्श केलेला नाही अशी गोष्ट निवडावी लागली असती. त्या विश्वातले दुसरेच जहाज, दुसरीच माणसे घेऊन मालिका केली असती, तर मी ती अधिक उत्सुकतेने पाहिली असती.

आता ‘वन पीस’. एइचिरो ओदा यांचा मांगा १९९७ मध्ये सुरू झाला आणि तोएइ या स्टुडिओची ॲनिमे मालिका १९९९ मध्ये. तिचा हजारावा भाग २०२१ मध्ये प्रसारित झाला. इतक्या लांबलेल्या मालिकेचा एक दोष तिच्यावर प्रेम करणारेही मान्य करतात. मांगाच्या पुढे जाता येत नसल्यामुळे एकेक भाग ताणला जातो, आणि बऱ्याचदा एका भागात मांगाच्या जेमतेम एका प्रकरणाचा मजकूर असतो. म्हणजेच इथे रूपांतरकारासाठी मोठे आणि उपयुक्त काम शिल्लक होते, ते म्हणजे आटोपशीर मांडणी. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या पहिल्या पर्वाने ॲनिमेच्या चाळीसहून अधिक भागांतील कथा साधारण तासाभराच्या आठ भागांत बसवली.

हे करताना मालिकेची धुरा सांभाळणाऱ्या स्टीव्हन माएडा आणि मॅट ओवेन्स यांनी केवळ कात्री चालवली नाही. मांगाचा सुरुवातीचा आकार एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारा आहे. प्रत्येक ठिकाणी नवा शत्रू, नवा सोबती. सलग आठ भागांच्या मालिकेला मात्र एक कणा लागतो. तो त्यांनी नौदलाचा व्हाइस ॲडमिरल गार्प याच्या पाठलागातून तयार केला. तो लुफीचा आजोबा आहे हे मांगामध्ये खूप उशिरा उघड होते. इथे पहिल्याच पर्वात. डॉन क्रीग या खलनायकाला जवळजवळ वगळून त्या अर्ध्या माशाला, आर्लाँगला, आधीच, समुद्रावरच्या एका उपाहारगृहात आणले, त्यामुळे लुफीची सोबतीण नामी हिचे दुःख शेवटच्या दोन भागांपूर्वीच आपल्या मनात मुरू लागते. लुफीच्या सोबत्यांपैकी उसोपचे लांब नाक आणि सांजीची वळलेली भुवई सरळ सोडून दिली. यातले काहीच मुळाबरहुकूम नाही, पण प्रत्येक बदलामागे कारण आहे. ओदा स्वतः कार्यकारी निर्माते होते, आणि त्यांचे समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित होणार नाही असे त्यांनी वाचकांना लिहिलेल्या पत्रात कळवले होते. त्यामुळे काय सोडले तरी चालेल हे ठरवणारा माणूस तोच होता, ज्याने ते सारे निर्माण केले.

केपटाउनजवळ बांधलेल्या खऱ्या जहाजांवर वावरणारे नट, ताझ स्कायलर यांनी सांजीच्या लाथांसाठी केलेला सराव, आणि लुफी झालेल्या इन्याकी गोडॉय यांचे ते निखळ, कसलीही लाज न बाळगणारे हसू यांचा वाटा मोठा आहे. लुफीच्या भूमिकेत नटाने क्षणभर जरी आपण वेडेपणा करतो आहोत असा भाव दाखवला असता, तरी सगळे कोसळले असते. मालिका निर्दोष आहे असे मी म्हणत नाही; रबरी हातांची काही दृश्ये कच्ची वाटतात आणि रात्रीच्या प्रसंगांत चित्र फार काळवंडते.

जपानी दूरचित्रवाणीवर हा प्रयोग जुनाच आहे. रूप बदलून राक्षसांशी लढणाऱ्या शाळकरी मुलींच्या ‘सेलर मून’ची खऱ्या कलाकारांची मालिका ऑक्टोबर २००३ ते सप्टेंबर २००४ या काळात ४९ भागांत झाली, आणि मला ती फार मोलाची वाटते. तिचे खर्चाचे हात आखडलेले आहेत, ल्यूना मांजरीऐवजी चक्क कापसाची बाहुली आहे. तरीही पटकथाकार यासुको कोबायाशी यांनी पाच मुलींच्या मैत्रीला जो वेळ दिला, तो आधीच्या ॲनिमेत दर आठवड्याच्या राक्षसापायी कमी पडत असे. अबोल आमी शत्रूच्या प्रभावाखाली जाऊन मैत्रिणींवरच उलटते, मिनाको आपला आजार लपवत गात राहते, ही कथासूत्रे नवी आहेत आणि खऱ्या चेहऱ्यांवर ती अधिक लागतात. केसांचा प्रश्नही तिथे सरळ सोडवला: मुली एरवी काळ्या किंवा तपकिरी केसांच्या, आणि रूप बदलल्यावर रंगीत. त्या पाच जणींपैकी रेई झालेल्या केइको कितागावा पुढे मोठ्या अभिनेत्री झाल्या.

‘यू यू हाकुशो’ हे उलट टोक. ११२ भागांच्या ॲनिमेसाठी डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने अवघे पाच भाग दिले. मारामारी उत्कृष्ट आहे, परंतु चौघांची मैत्री जुळायला लागणारा काळच काढून टाकल्यामुळे शेवटच्या बलिदानाचे मोल वाटत नाही. आटोपशीर करणे म्हणजे वाटेल तेवढे कापणे नव्हे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे आधी काय पाहावे याचे, उत्तर या सगळ्यातून निघते. ‘बिबॉप’ची मूळ मालिकाच आधी पाहावी, भाग क्रमानेच पाहावेत, आणि किरकोळ वाटणारे भागही वगळू नयेत, अठराव्या भागात जुनाट व्हिडिओ कॅसेटवर लहानपणीची फे भावी फेला प्रोत्साहन देते, तो प्रसंग आधीचे सारे भाग पाहिल्याशिवाय पोहोचत नाही. त्यानंतर उत्सुकता असेल तर रूपांतराचे पहिले दोन भाग पाहावेत. ‘वन पीस’च्या बाबतीत मात्र रूपांतरापासून सुरुवात करण्यास माझी मुळीच हरकत नाही, आवडल्यास त्यानंतर ॲनिमेकडे न वळता मांगाचा बारावा खंड घ्यावा, आणि गाळलेला क्रीग पाहायचा असेल तर सहाव्यापासून सुरुवात करावी.