तुमचे प्रश्न, माझी मोजपट्टी : नसलेल्या गावाचा नकाशा

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, राहणार राजेंद्रनगर, इंदूर. नातवंडांसाठी एक गोष्ट लिहितोय, ती 'सोनवळ' नावाच्या गावात घडते. नकाशा हवा म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं आणि सांवेरच्या बाजूला मोकळ्या शेतात सोनवळ काढलं. चार दिवसांत सगळं पुसलं गेलं, वर 'असं करू नका' असा निरोप. मग क्यूजीआयएस हा संगणकावर नकाशे काढायचा प्रोग्राम शिकलो. त्यात आकडा टाकून बरोबर 1000 मीटरचा बाजाररस्ता काढला, पण मोजला की 920 च्या आसपास भरतो. शिवाय नातीनं काढलेली नदी गावात शिरते आणि दोन फाटे होऊन बाहेर पडते. मला खटकतं, पण का ते तिला सांगता येत नाही.

उत्तर : सर, निरोप देणाऱ्यावर रागावू नका. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून लोकांनी मिळून काढलेला खऱ्या जगाचा नकाशा आहे, आणि कितीतरी ॲप त्याच्यावर चालतात. सोनवळच्या चौकाकडे कुणी रात्री रिक्षा वळवली असती तर ती थेट गव्हात. गाव तुमच्या संगणकावरच्या फाइलीत ठेवा, क्यूजीआयएसमध्ये जिओपॅकेज या नकाशाच्या फाइलप्रकारात. फुकट आहे, कुणी पुसणार नाही. चारचौघांत मांडायची हौस असेल तर ओपनजिओफिक्शन नावाचं एक अख्खं काल्पनिक जग आहे. तिथं ओपनस्ट्रीटमॅपचीच साधनं वापरून लोक न झालेले देश काढतात.

रस्त्याचं दुखणं तुमच्या हाताचं नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या अनेक पद्धती आहेत. तुमचा प्रकल्प त्यातल्या वेब मर्केटरमध्ये आहे, मोबाइलवरचे नकाशे असतात तो. विषुववृत्तापासून दूर जावं तसा तो जमीन ताणत जातो. इंदूरच्या अक्षांशावर सुमारे 8 टक्के. तुम्ही त्या ताणलेल्या कागदावर 1000 मोजले, आणि मोजायचं साधन पृथ्वीचा खरा आकार धरून उत्तर देतं. प्रकल्प आणि लेअर (रस्ता काढलाय तो थर), दोन्ही यूटीएमच्या 43 उत्तर पट्ट्यात घ्या. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून ताण अगदी कमी ठेवणारी पद्धत; यादीत ती ईपीएसजी क्रमांक 32643 नं सापडेल. (ग्वाल्हेरकरांनी 44 घ्यावा, 32644.) लेअरचं नुसतं लेबल बदलू नका, नाहीतर सोनवळ भलतीकडेच जाऊन बसेल; एक्स्पोर्ट करून नव्या प्रणालीत जतन करा. जुना रस्ता मात्र 920 चाच राहणार. तो पुन्हा काढा.

आता नदी. इथं मी जरा रेंगाळणार, कारण याच चुकीवर मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सापडले होते. नकाशाच्या ट्रेसिंग कागदावर एक नाला शाईनं ओढला, आणि तो समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) ओलांडत चक्क चढावर गेला. साहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "बाई, हे पाणी पंपानं चढवणार का?" दुपारभर ब्लेडनं शाई खरवडत बसले. तेव्हापासून एक खूण पक्की झाली : समोच्च रेषा नाला ओलांडताना जो टोकदार बाक घेते, त्याचं टोक नेहमी चढाकडे असतं, पाणी जिथून येतं तिकडे.

नातीला कृष्णपुऱ्याला न्या. तिथल्या होळकरांच्या छत्र्यांजवळ, म्हणजे स्मारकांजवळ, खान आणि सरस्वती या नद्या एक होतात. फाटे जुळतात, फुटत नाहीत, कारण पाणी सगळ्यांत खोल वाट धरतं आणि तीच आणखी खोल करत जातं. फाटे फुटतात ते समुद्रकाठच्या सपाटीवर, किंवा मध्ये बेट आलं तर, आणि तेही बहुधा पुन्हा जुळतात. पुढचा रविवार महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याचा. आपल्या खानचं पाणी उत्तरेला शिप्रेत, तिथून चंबळेत, यमुनेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पाताळपाणीला कड्यावरून पडतं ते चोरलचं. ते नर्मदेतून अरबी समुद्रात. महूच्या आसपास पडलेल्या दोन सरी दोन समुद्रांना जाऊन मिळतात! नकाशावर नदी काढण्याआधी हा पाणलोट, म्हणजे कुठलं पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते, काढायचा असतो.

तुम्हाला एक पळवाट सांगते. उंचसखलपणा कल्पनेनं काढू नका, खरा उचला. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानानं 11 दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. ती एसआरटीएमची माहिती मोफत मिळते, साधारण 30 मीटरच्या चौकटींत. चोरलच्या बाजूचा एक तुकडा घ्या, क्यूजीआयएसकडून दर 10 मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा काढून घ्या, आणि पाण्याची वाट तिथंच दिसेल. मग रस्ते. नाल्यावर पूल नको, रपटा (बुटका फरशीपूल) दाखवा. पावसात तो बुडाला की तुमच्या गोष्टीत दोन प्रकरणं आपोआप वाढतील. आणि नावं सगळ्यांत शेवटी. मल्हारगंज मल्हाररावांचं, तुकोगंज तुकोजीरावांचं. तुमच्या बाजारपेठेला सोनवळमध्ये कुणाचं नाव मिळालं हे ठरवलंत की तिथं राज्य कुणाचं होतं तेही ठरलं.

प्रश्न : मी देवासची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून खरे इंदूर उतरवून त्यात मनाचे रस्ते घातले तर चालेल का?

उत्तर : चालेल. फक्त ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांचा उल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात हवा, आणि तुझी बदललेली माहिती लोकांना दिलीस तर त्याच परवान्यानं द्यायची. वर ठळक लिही की हे इंदूर असं नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी 1918 साली इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दोन खंडांत दिला, तो मिळवून चाळ. त्यातलं जे झालं नाही, तेवढंच काढलंस तरी तुझं इंदूर तयार आहे. झालं की मला प्रिंट पाठव, ए3 वर. मोबाइलवर माझे डोळे चालत नाहीत.