शब्दांची विचारपूस : धाक घालून पैसे उकळणाऱ्याला म्हणायचं काय?

प्रश्न : मी एका गुन्हेकथेचं भाषांतर करते आहे. तिच्यात धमक्या देऊन पैसे घेणारी बरीच माणसं आहेत. एक जण दर आठवड्याला दुकानदारांकडून पैसे गोळा करतो, दुसऱ्याच्या हाती कुणाचं तरी गुपित आहे, तिसऱ्याने मूल पळवलंय. मला तिघांसाठीही ‘खंडणीखोर’ एवढंच सुचतं. मराठीत वेगळे शब्द नाहीत का?

उत्तर : आहेत, पण ‘खंडणी’ने सगळी जागा व्यापली आहे, त्यामुळे ते पटकन आठवत नाहीत. आधी या शब्दाचंच बघू.

‘खंडणे’ म्हणजे रक्कम ठरवून सौदा पक्का करणं. जमीन कसायला देताना ठरतो तो खंड, आणि दबलेल्या राजाने ठरवून भरायची ती खंडणी. चौथ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. या दोन्हींच्या सनदा बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून मिळवल्या. त्या काळच्या कागदपत्रांत खंडणी हा राज्यकारभारातला शब्द आहे, फौजदारीतला नाही. पुढे तिला ‘खोर’ चिकटलं. हा फारसी प्रत्यय, अर्थ ‘खाणारा’. लाचखोर लाच खातो, नफाखोर नफा खातो, तसा हा खंडणी खातो. (बंडखोर आणि हल्लेखोर काही खात नाहीत, पण तोवर प्रत्यय मराठीत पुरता मुरला होता.)

गंमत अशी, की ‘ब्लॅकमेल’ही याच वाटेने आला. त्यातला ‘मेल’ म्हणजे टपाल नव्हे, तर आपला खंडच. सोळाव्या शतकात स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवर लुटारूंच्या टोळ्या फिरत. गुरंढोरं सुरक्षित राहावीत म्हणून शेतकरी त्यांना जे देत, ते ब्लॅकमेल. गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ नंतरचा. आज मात्र मराठी वाचकाला तोच कळतो, म्हणून तुमच्या दुसऱ्या माणसाला खुशाल ‘ब्लॅकमेलर’ म्हणा. त्याला संस्कृत प्रतिशब्द शोधत बसू नका. कायदा मात्र खंडणीखोर आणि ब्लॅकमेलर यांत फरक करत नाही. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या ३८३ व्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण असं, की पैसे दे, नाहीतर तुझ्याबद्दल बदनामीकारक मजकूर छापतो, अशी धमकी देऊन पैसे काढले, तर तो खंडणीचाच गुन्हा. १ जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमात आहे आणि साध्या प्रकाराची शिक्षाही तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली आहे.

पहिल्या माणसासाठी ‘हप्ता’ हवाच. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा. आपल्याकडे आठवडा हा शब्द आधीच होता. त्यामुळे मराठीत हप्त्याला अर्थ मिळाला तो ठरावीक मुदतीने भरायच्या रकमेचा. कर्जाचाही हप्ताच आणि गुंडाचाही हप्ताच. संवादात याचा फार उपयोग होईल. ‘हप्ता पोचला नाही’ या तीन शब्दांत धमकीचं एक अक्षर नाही, तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. निवेदनात ‘हप्ते वसूल करणारा’ असं सरळ लिहा. तिसरा तो अपहरणकर्ता. त्याने मागितलेली रक्कम खंडणीच, तिथे हिंदीतली ‘फिरौती’ आणायची गरज नाही.

आता एक आग्रह. मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासल्या. गुन्ह्याच्या बातमीत ‘व्यापाऱ्याने खंडणी दिली’ असं आलं की मी ते ‘व्यापाऱ्याकडून खंडणी उकळली’ असं करत असे. कृती कुणाची, हे क्रियापदातून कळलं पाहिजे. भ्यालेल्या माणसाला वाक्याचा कर्ता केलं, की जणू तोच व्यवहाराला राजी होता असं वाटतं. मराठीत ‘उकळणे’ इतकं नेमकं क्रियापद आहे, ते वापरा.

तसंच ‘भाई’ आणि ‘दादा’. पात्रांना म्हणू द्या, कारण भीतीपोटी माणसं तसंच बोलतात. निवेदकाने मात्र म्हणू नये. थोरल्या भावाचं नातं लुबाडणाऱ्याला आपण आपल्या हाताने का द्यायचं? सिसिलीत माफियाच्या वसुलीला ‘पित्सो’ म्हणतात. त्याचं मूळ चोचीत सांगतात, म्हणजे आम्हालाही जरा चोच ओली करू दे. मागणं केवढं किरकोळ वाटतं बघा! पालेर्मोचे कपड्यांचे कारखानदार लिबेरो ग्रासी यांनी ते नाकारलं. १० जानेवारी १९९१ ला तिथल्या वर्तमानपत्रात त्यांचं जाहीर पत्र छापून आलं. त्याचा मायना होता, ‘प्रिय खंडणीखोरा’. त्याच वर्षी २९ ऑगस्टला त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांनी त्या माणसाला चारचौघांत त्याच्या धंद्याच्या नावाने हाक मारली होती. तुमच्या निवेदकाने निदान तेवढं करावं.

प्रश्न : फोनवर पोलिस असल्याची बतावणी करून, अटकेची भीती घालून पैसे घेणाऱ्यांना बातम्यांत ‘सायबर भामटे’ म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर : अर्थ कळतो, पण मी हा शब्द वापरत नाही आणि तुम्हीही टाळा अशी मनापासून विनंती आहे. आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ ही जमात आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला. त्या घरातलं पोर सकाळी पेपर उघडतं आणि मथळ्यात चोराच्या जागी आपल्या जमातीचं नाव वाचतं. शब्दकोशात अर्थ दिलाय म्हणून हे चालवून घ्यावं, असं मला वाटत नाही.

आणि नेमका शब्द आपल्याकडे आहेच : तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो उभा राहिला, त्याच्यामुळे हा शब्द घराघरात माहीत आहे. ‘तोतया पोलिसाने अटकेचा धाक घालून पैसे उकळले’ एवढं लिहिलं की सोंग, धमकी आणि लूट तिन्ही आले.

प्रश्न : कायद्याच्या मराठी पुस्तकात या गुन्ह्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हटलंय. ‘बलात्कार’मध्ये त आहे, मग इथे द कसा? छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. मूळ शब्द बलात्, म्हणजे बळाने. पुढे ग सारखं मृदू व्यंजन आलं की त् चा द् होतो. जगत् आणि गुरू मिळून जगद्गुरू होतो, तसंच हे. ‘बलात्कार’मध्ये पुढे कठोर क आहे, म्हणून त् तसाच राहतो. बातमीत मात्र ‘खंडणी’च लिहा. बलाद्ग्रहण आरोपपत्रात शोभतं.